लिंबाच्या फांदीतले वळसे

लिंब पडला तेव्हा कुसाबाई होती. गेल्या पावसाळ्याच्या तोंडी वारं सुटलं आणि घरामागचा जुना कडुलिंब मुळासकट आडवा झाला. घर वाचलं, गोठ्याचे पत्रे तेवढे दबले. कुसाबाई पदर खोचून पडलेल्या झाडाभोवती हिंडून आली आणि नवऱ्याला, गोरक्षला, म्हणाली, चला, पुढच्या आखाजीच्या पुरणाला सरपण झालं. ओलं लाकूड नुसता धूर करतं म्हणून त्यानं ते वाळू दिलं. मग ती अधूनमधून आठवण करायची आणि तो उद्यावर ढकलायचा. असं करता करता लिंब वाळला, आणि मार्गशीर्षात कुसाबाईच गेली. साधा ताप म्हणून अंगावर काढला होता. दवाखान्यात नेली ती चालत जीपमध्ये बसली होती, आणली ती चादरीत.

आता आखाजी आली होती. मोसम नदीच्या काठच्या त्या गावात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दिवाळीहून मोठा सण. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, चुलीतले निखारे बाहेर काढून त्यावर तूप आणि पुरणपोळीचा घास टाकतात. त्याला आगारी म्हणतात. आगारी भडकली की माणसं म्हणतात, पोचलं. कुसाबाईची ही पहिली आगारी होती.

मुलगा अमोल नाशिकला कारखान्यात होता. त्यानं सांगून ठेवलं होतं की आखाजीला आम्ही गाडी घेऊन येऊ, पोळ्या इकडूनच विकत आणू, तुम्ही चुलीच्या भानगडीत पडू नका, आणि सण झाला की घराला कुलूप लावून तुम्ही आमच्याबरोबर चला. वावर खंडेरावला बटाईनं दिलेलंच होतं. गोरक्ष हो म्हणाला होता. मनापासून म्हणाला होता. एकट्याची भाकरी थापायची म्हणजे एक बाजू करपते आणि दुसरी कच्ची राहते, आणि ती खाताना समोर कोणी बोलत नाही.

हे त्यानं लेकीला, उज्वलाला, फोनवर सांगितलं. ती देवळ्याच्या पुढच्या एका गावात दिलेली. ती म्हणाली, "मग मला कशाला बोलवता, नाना? कुलूप बघायला येऊ का?"

गोरक्षनं समजावलं की अमोलचं घर तेही माहेरच आहे. ती म्हणाली, भावाचं घर भावाचं असतं. घरी कांदा काढणी चालू आहे, ह्या वर्षी आखाजीला जमणार नाही, असं सांगून तिनं फोन ठेवला. लग्न झाल्यापासून तिची एक आखाजी चुकली नव्हती. त्यानंतर ती रोज फोन करायची, जेवले का विचारायची, आणि हो म्हटलं की ठेवून द्यायची.

पोळ्या विकतच्या आल्या तरी आगारीला निखारे लागणारच होते. ते काही नाशिकहून येणार नव्हते. म्हणून सणाच्या आधी गोरक्षनं कुऱ्हाड काढली. दांडा खुळखुळत होता. त्यानं कुऱ्हाडीचं डोकं रात्रभर बादलीत बुडवून ठेवलं, दांडा फुगून घट्ट बसला. सकाळी तो घरामागं गेला, धोतराचा सोगा वर घेतला आणि पहिल्या घावालाच कुऱ्हाड उसळून मागं आली. मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या.

कुडाच्या पलीकडून रहेमान हसला. रहेमान सुतार, दोघं एका वयाचे, लहानपणी एकाच डोहात पोहलेले. "म्हाताऱ्या, लाकूड फोडतो का लाकडाचा मार खातो?"

"तू ये ना मग, शहाणा."

रहेमान आला तो घण आणि लोखंडी पाचरा घेऊनच आला. मागोमाग त्याची बायको हाजरा डब्यातून वांग्याची भाजी देऊन गेली. कुसाबाई गेल्यापासून ती दोन दिवसांआड असा डबा आणायची आणि रिकामा मागायला येताना नवा भरून आणायची.

दोघांनी खोडाला हात घातला. खोड सरळ होतं. एक पाचर ठोकली की कडकन चीर पुढं पळायची आणि ओंडका दोन्हीकडं उघडायचा, आत तांबूस, कडसर वासाचा. रहेमान पाचर धरायचा, गोरक्ष घण मारायचा, दमला की बदली. उन्हं चढली. गोरक्षच्या तळहाताला फोड आले, त्यातला एक फुटून घणाचा दांडा ओला झाला. त्यानं हाताला चिंधी गुंडाळली. आखाजीपुरतं सरपण न्याहारीच्या वेळेलाच झालं होतं, पण रहेमानला चहा पाजायचा होता आणि चहाच्या आधी अजून एक फांदी करू, असं ठरलं.

ती फांदी घराच्या अंगाला नव्हती. नदीकडच्या बाजूची, झाड उभं होतं तेव्हा जमिनीला समांतर गेलेली, जाडजूड. तिच्यावर कुऱ्हाड चालेना. पाचर आत जायची आणि तिथंच चावली जायची. रहेमाननं दुसरी पाचर घातली, मग तिसरी. लाकूड करकरलं, वाकडं तोंड केल्यासारखं फाटलं आणि एकदम दोन फाळके होऊन दोन बाजूंना पडलं.

रहेमान घण खाली टाकून उकिडवा बसला. "इकडं बघ रे."

बाकीच्या लाकडातल्या रेघा नांगराच्या तासासारख्या सरळ गेल्या होत्या. ह्या फाळक्यात त्या सरळ येत आणि मध्येच आत दबत. दबून एकमेकींच्या अंगावर चढत, नदीचं पाणी धोंड्याला वळसा घालून जातं तशा वळत, आणि पुढं पुन्हा सरळ होत. वळशाच्या पोटात एक काळी कडी होती, बोटानं खरवडली तर भुसा निघाला. वीतभर नाही, चांगलं हातभर अंतर सोडून पुन्हा तसाच वळसा, पुन्हा तशीच काळी कडी. दोन्ही वळशांच्या खालच्या अंगाला लाकूड सुरकुतलं होतं, म्हाताऱ्या माणसाच्या कोपराच्या कातड्यासारखं.

"कीड असंल," गोरक्ष म्हणाला.

"कीड अशी मोजून मापून बसत नाय." रहेमाननं काळा भुसा तळहातावर घेऊन चोळला आणि त्यातून एक तंतू काढून दाखवला. "दोर हाय. कुणीतरी फांदीला दोराचे फास घातले आणि तसेच ठेवले. फांदी वाढली तशी तिनं दोर गिळला."

गोरक्षला आठवलं की बाप कांदा तोलायला झाडाला काटा टांगायचा. तसं तो म्हणाला. रहेमाननं मान हलवली. काट्याला एक फास पुरतो, दोन कशाला? आणि सुरकुत्या बघ, खाली ओढणारं वजन एका जागी नव्हतं, हालत होतं. पुन्हा हा दोर किती आत आहे. ही फांदी मांडीएवढी असेल तेव्हाची ही गोष्ट, म्हणजे अमोलचाही जन्म नसेल.

गोरक्षनं फाळका मांडीवर ओढून घेतला. एका वळशावर एक हात ठेवला, दुसऱ्यावर दुसरा. हात तसे ठेवल्यावर त्याची छाती आपोआप जरा पुढं झाली, आणि आपण कसे बसलो आहोत हे त्याचं त्यालाच कळलं.

"झोका," तो म्हणाला.

पण गावातला झोका मारुतीच्या पारापुढच्या चिंचेला असायचा. त्याच्या बहिणी तिथंच खेळल्या, उज्वला तिथंच खेळली. घरामागं, नदीकडच्या बाजूला, जिथं माणसाची नजर पोचत नाही, तिथं झोका बांधल्याचं त्यानं ना पाहिलं ना ऐकलं.

तेवढ्यात नवसाबाई शेळीला ढकलत कुडाच्या फटीतून आत आली. शेजारच्या घरातली, गोरक्षच्या थोरल्या भावजयीच्या नात्याची. कंबरेत वाकलेली, पण जिभेनं ताठ. दोन म्हातारे लाकडाकडं बघत बसलेले पाहून तिनं विचारलं की यात देव निघाला का काय. रहेमाननं तिला फाळका दाखवला. तिनं वाकून बघितलं, वळशावरून बोट फिरवलं, आणि पदर तोंडाशी नेऊन हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले.

"तो मना कासरा व्हता, भाऊ," ती म्हणाली.

मग ती लाकडावरच बसली आणि तिनं सांगितलं. कुसाबाईचं माहेर तिकडं त्र्यंबकच्या डोंगरातलं. आईबाप लहानपणीच गेलेले, चुलत्यानं लग्न लावून दिलं आणि हात झटकले. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला कुसाबाई धुतलेलं लुगडं नेसून, बोचकं बांधून दारात बसली होती. घ्यायला मुऱ्हाळी येईल, चुलता नाही तर चुलतभाऊ तरी येईल, म्हणून. दिवस मावळला, कोणी आलं नाही. सासू म्हणाली, बोचकं सोड आणि पुरण घाट. दुसऱ्या वर्षी तिनं बोचकं बांधलंच नाही.

आणि सासरी सुनेनं झोक्यावर बसायचं नसतं. झोका लेकींचा. सुनांनी पोळ्या लाटायच्या. चिंचेखाली नणंदांची गाणी चालायची आणि कुसाबाई आत चुलीपुढं तव्यावर वाकलेली असायची. मग दुपारी, पुरण खाऊन सगळं घर आडवं झालं की ती नवसाबाईला खूण करायची. पहिल्यांदा ती लिंबावर चढली ती खारीसारखी. नवसाबाईच्या बैलाचा कासरा कापून तिनं फांदीला दोन फास घातले. पुन्हा पुन्हा चढायला नको म्हणून ते तिथंच ठेवले. खालचा दोर तेवढा सोडून कडब्याच्या गंजीत लपवायचा, पुढच्या आखाजीला काढायचा.

"मी ढकलू, ती पदर दातमां धरी हासे," नवसाबाई म्हणाली. "मोठा आवाज करता ये ना. तुनी माय जागी व्हई जाती."

त्या कापलेल्या कासऱ्यापायी आपण नवऱ्याच्या शिव्या खाल्ल्या, बैलानं चावला म्हणून सांगितलं, हेही तिनं सांगितलं. रहेमान हसला. गोरक्ष हसला नाही.

"किती वरसं?"

"उज्वला व्हई तोपर. पोर झायी तवय कुसानं दोर मना हातमां दिधा. बोलनी, वयनी, आते तुना दोर ठेव. आते झोका खेळाले मनी लेक माहेरले येई."

गोरक्षच्या हातातली चिंधी सुटली होती. ती तो पुन्हा गुंडाळत बसला. मग त्यानं खाली बघतच विचारलं, "मला का नाही सांगितलं तिनं?"

नवसाबाई त्याच्याकडं बघत राहिली. ही बाई कधी हळू बोलत नसे, पण आता हळू बोलली. "तुले कवय सांगाव, भाऊ? तू तं बहिनीस्ले लेवाले जाय ना."

ते खरं होतं. दर आखाजीला बैलगाडी जुंपून तोच बहिणींना आणायला जायचा. गाडीत कडबा अंथरायचा, वर वाकळ टाकायची. कुसाबाई भाकरी बांधून द्यायची, पाण्याचा तांब्या द्यायची, बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावलाय का बघायची. गाडी वळेपर्यंत दारात उभी राहायची. नीट जा, एवढंच म्हणायची. त्यानं कधी मागं वळून बघितलं असेल, तरी त्याला दारात उभी बायको दिसली. आणखी काही दिसलं नाही.

आणि लिंब पडला त्या दिवशीचंही त्याला आत्ता कळलं. झाडाभोवती फिरता फिरता ती ह्याच फांदीपाशी थांबली होती, हात ठेवून. त्याला वाटलं होतं, सरपण किती निघेल याचा अंदाज घेते आहे.

नवसाबाई म्हणाली की हे दोन्ही फाळके चुलीत घाल, त्याच निखाऱ्यांवर आगारी टाक, म्हणजे तिला झोका पोचेल. रहेमान म्हणाला, काहीतरीच काय, असं लाकूड जन्मात एकदा बघायला मिळतं, मला दे, रंधा मारून देतो, रेघा कशा उठतात बघ. दोघं त्यावर भांडले. गोरक्षनं दोन्ही फाळके उचलले, घरात नेले आणि देवघराच्या शेजारच्या फळीवर ठेवले. बाहेर येऊन म्हणाला, "आधी उज्वलाला दाखवू."

ती येणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

चहा झाला. रहेमान पाचरा गोळा करायला लागला, तर गोरक्षनं पुन्हा घण उचलला. पुढची फांदी फोडली. मग तिच्या पुढची. रहेमान म्हणाला, अरे आखाजीला टोपलंभर निखारे लागतात, तू गाव जेवू घालणार आहेस का? गोरक्ष म्हणाला, पाचर धर. जेवणानंतर त्यानं पडवीतला जुना पसारा बाहेर काढला आणि फोडलेलं लाकूड भिंतीला लावून रचायला घेतलं. खाली दोन दगड, त्यावर आडवी फांदी, म्हणजे पावसाची ओल वर चढत नाही. पावसाळ्याचं सरपण असंच रचतात.

रहेमाननं ते रचणं बघितलं. तो घरी गेला आणि स्वतःची कुऱ्हाड घेऊन परत आला. दुसऱ्या दिवशीही दोघं फोडतच होते. लिंबाचा बुंधा तेवढा उरला.

त्या दिवशी जेवायच्या आधी गोरक्षनं अमोलला फोन केला. अमोलनं खोली तयार केली होती, उजेडाची, रस्त्याकडच्या खिडकीची. सुनेनं नवी गादी आणली होती. गोरक्षला हे सगळं ऐकून घेणं जड गेलं, पण त्यानं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की सणाला या, पोळ्या मात्र आणू नका, आणि मी इथंच राहणार. अमोलला वाईट वाटलं. तो रागावला नाही, रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "नाना, जेवणाचं काय करणार?"

"शिकीन."

"ह्या वयात?"

"तुझी आई हिथं आली तेव्हा तिला तरी कुठं येत होती इकडची भाकरी?" गोरक्ष म्हणाला. "चुलीपुढं बसून शिकली."

अमोल म्हणाला की निदान गॅसची टाकी संपू देऊ नका, आणि पोरं येतील तेव्हा त्यांना अंगणात झोपायचं आहे, खाटा असू द्या.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी गोरक्षनं टोपी घातली, नामपूरच्या बाजारातून एक मोठं खरबूज घेतलं आणि देवळ्याची गाडी पकडली. उज्वलाला आणायला तो कधी गेला नव्हता. आधी अमोल जायचा, मग जावई मोटारसायकलवर सोडून जायचे, अलीकडं ती एकटीच यायची. गाडीत उभं राहायला जागा मिळाली. फोडांनी वरचा दांडा धरवत नव्हता, म्हणून तो कोपर अडकवून उभा राहिला आणि खरबूज पोटाशी धरलं. देवळ्यापासून पुढं रिक्षात मागच्या फळीवर बसून गेला. वाटभर कांद्याचे ढीग, वर पाचट टाकलेले. तिच्यापुढं काय बोलायचं हे त्यानं दोनदा जुळवलं आणि दोनदा विसरला.

उज्वलाची सासू गोजराबाई ओट्यावर कांद्याची पात कापत बसली होती. खरबूज हातात घेऊन दारात उभा असलेला व्याही बघून तिनं विळा खाली ठेवला.

"असं अचानक, व्याही? काही वाईट तं नाही ना?"

"नाय. मुऱ्हाळी आलो."

गोजराबाईनं त्याला खालून वर बघितलं. म्हणाली, आता मुऱ्हाळी कोण येतं, आता पोरी मोबाइलवर निघतात, आणि तुमची लेक तर ह्या वर्षी येणारच नाही म्हणून मी तिच्यावर कांद्याचं काम टाकून बसले. बोलली तशी, पण उठून तिनं सतरंजी टाकली आणि कांद्याच्या चाळीकडं तोंड करून सुनेला हाक मारली.

उज्वला आली ती केसांत कांद्याची साल आणि कपाळाला धूळ घेऊन. बापाला बघून तिचा चेहरा बदलला, मग तिनं तो पुन्हा जागेवर आणला. आत जाऊन पाणी आणलं. त्यानं तांब्या घ्यायला हात पुढं केला आणि तिनं तांब्या न देता त्याचा हात धरला. उलटा करून बघितला. दुसराही बघितला.

"काय केलंत हे?"

"लिंब फोडला."

"आगारीपुरता फोडायचा ना. एवढे हात सोलून घेतलेत."

"पावसाळ्याचं सरपण केलं," गोरक्ष म्हणाला. "पडवी भरली. राहिलं ते गोठ्यात रचलं. तिथं पत्रे दबलेत, जरा गळंल. वर कागद टाकीन."

उज्वला तांब्या धरून उभीच राहिली. सासू पुन्हा पात कापायला बसली होती, ती थांबली.

"पावसाळ्यात जाळणार कोण ते?"

"मी हाय की."

"आणि नाशिक?"

"अमोलला सांगितलं. नाय जात."

तिनं तांब्या त्याच्यापुढं ठेवला. पदरानं कपाळ पुसलं, ते नुसतंच जास्त मळलं. मग वळून सासूकडं बघितलं. गोजराबाई म्हणाली, "बघते काय? कांदे कुठं पळून नाही जात."

उज्वला आत गेली. आत पेटी उघडल्याचा आवाज आला, बांगड्या वाजल्या, तोंडावर पाणी मारल्याचा आवाज आला, तो बराच वेळ येत राहिला. गोरक्ष सतरंजीवर बसून गार पाणी सावकाश प्यायला. ती पिशवी घेऊन बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज घरच्या बाईसारखा होता.

"नाना, चूल सारवली का?"

"नाय."

"आई गेल्यापासून?"

त्यानं मान हलवली.

"मग बसलात काय? उठा. आत्ताची गाडी मिळाली तर दिवस असेतो सारवून होईल. रात्रभर वाळली पाहिजे. ओली चूल पेटत नसते."